मांडवाच्या दारात आलेली तार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले धर्मगुरू आदरणीय फादर बेनेडिक्ट, टपाल खात्याच्या वतीने मुद्दाम वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे श्री. केळुस्कर साहेब, व्यासपीठावरचे आपले सरपंच, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती आणि आपले पोस्टमन श्री. लॉरेन्स मच्याडो, त्यांच्या पत्नी बेटीबाई, समोर बसलेल्या माझ्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो आणि सतरंजीवर बसून सरबताच्या पिंपाकडे लक्ष ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांनो, तुम्हा सर्वांना आलोशियस तुस्कानोचा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना बरीच विशेषणं खर्च केली. 'मुलांच्या चारित्र्याचे शिल्पकार' असंही ते म्हणाले. मी या शाळेत एकवीस वर्षं मुख्याध्यापक होतो आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो, एवढं खरं आहे. बाकीचं माझं बोलून झाल्यावर तुम्ही ठरवा. समितीने मला दोन कामं दिली आहेत. लॉरेन्सभाऊंचा गौरव करायचा आणि त्यांच्या अंगावर शाल घालायची. पहिलं काम मी करतो. दुसऱ्याचं पुढे बघू.

तेहतीस वर्षं हा माणूस खात्यात आहे. मूळचा अर्नाळ्याचा, कोळी घरातला. वडील होडीवर, दोन्ही भाऊ होडीवर, हा एकटा खाकीत. बागेतल्या पाटाच्या पाण्यातून सायकल उचलून नेताना तुम्ही त्याला पाहिलंय, मीही पाहिलंय. कुवेतहून आलेलं पत्र असो, बोटीवरच्या नवऱ्याचं असो, लांबच्या मठातून एखाद्या सिस्टरने आईला लिहिलेलं असो, ते त्याने घरात नेऊन दिलं. ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ओट्यावर बसून वाचून दाखवलं. माझी खात्री आहे, काही ओळी गाळूनही दाखवलं. हे नियमात बसतं का, ते केळुस्कर साहेबांनी आज विचारू नये.

पण पोस्टमनच्या निरोप समारंभात त्याने पोचवलेल्या पत्रांबद्दल सगळेच बोलतात. सरपंच बोलले, फादर फार सुंदर बोलले. मला एका तारेबद्दल बोलायचंय, जी त्याने वेळेवर पोचवली नाही.

हो, तीच. कुजबुज ऐकू आली मला. या सभागृहातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती गोष्ट माहीत आहे. लहानांनाही आहे, नाहीतर लॉरेन्स रस्त्याने जाताना कुंपणामागून 'दार बंद, दार बंद' असं कोण ओरडतं? माणसाच्या निरोपाच्या दिवशी हे कशाला उकरून काढायचं, असं तुम्हाला वाटेल. अध्यक्षांनाही वाटतंय, त्यांनी चष्मा काढला. फादर, मला पंधरा मिनिटं द्या. लोकांना जी गोष्ट माहीत आहे ती खोटी आहे. आणि ती मी तयार केलेली आहे.

नव्या मुलांसाठी थोडं मागचं सांगतो. आपल्याकडे तार म्हणजे मरण. चांगल्या बातमीला कोणी तारेचा खर्च करत नाही, तिला पोस्टकार्ड पुरतं. म्हणून आपल्या वाड्यांत एक रीत पडली. ज्या घरी लग्नाचा मांडव पडलाय तिथे तार आत न्यायची नाही. पोस्टमनने बाहेर थांबायचं, कार्याचा कारभार ज्याच्या हाती असेल त्या वडीलधाऱ्याला बाजूला बोलवायचं, आणि तो सांगेल तेव्हा तार द्यायची. बहुतेक वेळा मांडव उतरल्यावर. गेलेल्या माणसाला चार दिवसांनी काही फरक पडत नाही, आणि मुलीचं लग्न पुन्हा होत नाही, असा त्यामागचा विचार. वाईट विचार नाही तो.

एकदा एका बदली पोस्टमनने ही रीत माहीत नसल्यामुळे तार थेट मांडवात नेली होती. ती उघडायच्या आधीच नवरीची आत्या चक्कर येऊन पडली, आजीने गळा काढला, बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. तारेत काय होतं? नैरोबीच्या काकांनी पाठवलेले आशीर्वाद. हसा, हसा. मीही हा किस्सा पुष्कळ वर्षं हसत सांगितला. आता बारा वर्षं सांगितलेला नाही.

तर त्र्याहत्तर साल. एकाहत्तरची लढाई संपून दीडेक वर्ष झालं होतं आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. मला वाटलं, निदान दोघांना तरी आपण करून दाखवू. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाण्यासाठी मोठी परीक्षा असते. शाळा सुटल्यावर मी दोन मुलांची तयारी घेऊ लागलो. एक फर्डिनंड घोन्साल्विसचा प्लासिड. फर्डिनंड फुलांची आणि केळीची बाग करणारा, चार इयत्ता शिकलेला, सरळ माणूस. दुसरा माझा मुलगा कॉन्रॅड.

दोघं लेखी परीक्षा पास झाले. दोघं भोपाळला मुलाखतीला जाऊन आले. पाच दिवसांची मुलाखत ती, दोरावर चढवतात, खड्ड्यांवरून उड्या मारायला लावतात, चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात. त्यातूनही दोघं पार पडले. डॉक्टरांनी तपासलं, तिथेही ठीक. डिसेंबरात निकालाची यादी आली. दोघांची नावं यादीत होती, पण जागा वरच्या नावांतच संपल्या होत्या. प्लासिड अगदी थोडक्यात हुकला होता. कॉन्रॅड त्याच्या बराच खाली. वरचं कोणी गेलं नाही तर पुढच्या मुलाला तार करून बोलावतात, असं कळलं. आणि आमची दोन घरं वाट बघायला लागली.

तुम्ही कधी अशी वाट बघितली आहे का? आजारी माणसाची बघतो ती वेगळी, पावसाची बघतो ती वेगळी. यात करायचं काहीच नसतं. फर्डिनंड मुलाला कोयता हातात धरू देईना, बोटाला लागलं तर साहेब लोक परत पाठवतील म्हणून. त्याने वसईच्या बाजारातून काळी लोखंडी ट्रंक आणली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात मुलाचं नाव काढून घेतलं. सालोमीबाईंनी, म्हणजे प्लासिडच्या आईने, नऊ बुधवारांच्या प्रार्थनेची नोव्हेना धरली. आमच्याकडे माझी पत्नी पॉलिन स्वेटर विणत होती, खडकवासल्याला थंडी फार असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. दोन्ही पोरांना कॉलेजात घातलं नव्हतं. घातलं तर मनात शंका आहे असं दिसेल ना.

या लॉरेन्सला ते सगळं माहीत होतं. त्या दोन घरांसाठी काही नसेल त्या दिवशी तो सायकलवरून उतरून आमच्या दारावरून चालत जायचा. घंटी वाजवायचा नाही, आमच्या बायका उगीच धावत बाहेर येऊ नयेत म्हणून.

आणि एक गोष्ट कबूल करतो. पूर्वी सालोमीबाईंकडून आमच्याकडे भाजी यायची, आमच्याकडून त्यांच्याकडे नाताळचं काहीबाही जायचं. त्या डिसेंबरात ते कमी झालं. भांडण नव्हतं. पण तार एका घरी आली तर दुसऱ्या घराचं काय होईल, हे दोघींना कळत होतं. मलाही कळत होतं. दोन्ही मुलांना मी सारखं शिकवतो, असं मी अभिमानाने सांगत असे. मग प्लासिड पुढे गेला. शाळेत त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला मीच सांगितलं, आणि घरी येऊन मला घास गिळवेना. आपल्या विद्यार्थ्याचा हेवा करणारा शिक्षक तुम्ही पाहिला नसेल तर आज पाहून घ्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फर्डिनंडच्या मोठ्या मुलीचं, लिडियाचं लग्न होतं. फर्डिनंड माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मला चार लोकांत बोलता येत नाय. मांडव तुमच्या हाती." इतका विश्वास. म्हणून शनिवारी दुपारी मांडवाच्या दारात खुर्ची टाकून मी बसलो होतो. बायका बँड घेऊन विहिरीचं पाणी आणायला निघाल्या होत्या. प्लासिड आणि माझा कॉन्रॅड, दोघं मिळून मांडवाला केळीचे खांब बांधत होते. लॉरेन्स रस्त्यापलीकडे चिंचेखाली उतरला आणि त्याने मला हाताने बोलावलं.

त्याच्या हातात तार होती. तो म्हणाला, "सर, फर्डिनंडच्या नावाची नाय. पोऱ्याच्या नावाची हाय. वाट बगत होता ती तं नसंल?"

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो की मला ती मरणाची तार वाटली. माझ्या पत्नीलाही मी तेच सांगितलं होतं. पण मरणाची तार घरच्या कर्त्या माणसाच्या नावाने येते. सतरा वर्षांच्या मुलाच्या नावाने येत नाही. पाकिटावर प्लासिडचं पूर्ण नाव होतं, आणि लॉरेन्सने मला तोंडाने सांगितलं होतं. मला समजलं होतं. त्याच क्षणी समजलं होतं.

मी मागे वळून पाहिलं. कॉन्रॅड खांब धरून उभा होता, प्लासिड सुतळी गुंडाळत होता, दोघं कशावर तरी हसत होते. ही तार आत गेली तर बँड थांबेल, पोराला खांद्यावर घेतील, आणि माझ्या मुलाला सगळ्या गावासमोर हसत टाळ्या वाजवाव्या लागतील. लग्नाचे चारही दिवस. मला ते बघवलं नसतं. मी मनाशी म्हटलं, चार दिवसांनी काय बिघडतं? मांडव उतरला की मिळेल त्याला. तोवर कॉन्रॅडला मी घरी बसवून नीट सांगेन.

आणि तोंडाने काय म्हटलं? मुख्याध्यापकाच्या आवाजात म्हटलं, "मांडवात तार द्यायची नाही, हे तुला मी शिकवायला हवं का? बुधवारी दे."

लॉरेन्स म्हणाला, "मंग पावतीवर काय लिवू?"

मी म्हटलं, "लिही, दार बंद."

शुद्धलेखन सांगावं तसं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पेन्सिल काढली आणि लिहिलं. दोनशे माणसं जेवायची होती त्या घरात, बँड वाजत होता, आणि कागदावर आलं, दार बंद. मुलांनो, तुम्ही कुंपणामागून जे दोन शब्द ओरडता ते लॉरेन्सचे नाहीत. माझे आहेत.

रविवारी चर्चमध्ये लग्न लागलं. जेवणाआधी मी नवरा-नवरीसाठी शुभेच्छांचं भाषण केलं. चांगलं भाषण करतो मी, तुम्ही सगळे म्हणता. त्या भाषणात मी म्हणालो, या घराला देवकृपेने लवकरच दुसरीही आनंदाची बातमी कळेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सालोमीबाईंनी डोळ्याला पदर लावला. तार तेव्हा लॉरेन्सच्या पिशवीत होती. मी ते वाक्य का बोललो? मला वाटतं, आपण फारसं वाईट केलेलं नाही हे मला स्वतःला पटवायचं होतं. दुसरं कारण मला बारा वर्षांत सापडलेलं नाही.

बुधवारी सकाळी लॉरेन्सने तार दिली. दहा मिनिटांत फर्डिनंड ती घेऊन माझ्याकडे धावत आला, मागे प्लासिड. इंग्रजी तार, म्हणून वाचायला सरांकडे. प्लासिडने ती वाटेतच वाचली होती, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो बापाला काही बोलला नव्हता. मी तार उघडली. एक जागा रिकामी झाली आहे, पंधरा तारखेला, मंगळवारी, दुपारी बारापर्यंत खडकवासल्याला हजर व्हा.

बुधवार सोळा तारीख होती.

आत तारीख असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. कसं येणार डोक्यात? मी त्या मुलाचा विचार करतच नव्हतो. मी माझ्या मुलाचा विचार करत होतो.

फर्डिनंड म्हणाला, "काल म्हंजे कालच ना सर? काल दुपारी?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "जाऊन तर बघू. सांगू त्यांना लग्न होतं म्हणून." बापलेक ट्रंक घेऊन तासाभरात निघाले. शुक्रवारी परत आले. तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना बसवून चहा दिला म्हणे, सगळं ऐकून घेतलं, आणि सांगितलं, आम्ही मंगळवारी संध्याकाळपर्यंत थांबलो, मग पुढच्या मुलाला बोलावलं. त्यांचं काही चुकलं नाही. पुढच्या परीक्षेपर्यंत प्लासिडचं वय उलटून जात होतं. तो पुढचा मुलगा कॉन्रॅड नव्हता, हेही सांगून टाकतो. आमच्या घरी तार कधीच आली नाही.

इथपर्यंतच असतं तर मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. हेवा माणसाला होतो. पण पुढचं ऐका.

आठवड्याने फर्डिनंड पुन्हा माझ्याकडे आला. तार शनिवारी आली होती आणि पावतीवर दार बंद लिहिलंय, हे कोणीतरी वसईच्या ऑफिसातून कळवलं होतं. त्याला तक्रार करायची होती. आणि गावात कोणाचाही इंग्रजी अर्ज असला की तो लिहायचा कोणी? मी. फर्डिनंड माझ्या टेबलासमोर बसला, आणि लॉरेन्स मच्याडोविरुद्धचा अर्ज मी लिहिला. केळुस्कर साहेब, तो तुमच्या दप्तरात असेल. इंग्रजी उत्तम आहे. 'अक्षम्य हलगर्जीपणा' या अर्थाचे शब्द त्यात आहेत, ते माझे आहेत. मी लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, आणि खाली त्याने सही केली.

पोस्टाची खोली लहान, म्हणून चौकशीला आलेल्या साहेबांना मी शाळेचं कार्यालय दिलं. माझ्याच टेबलावर चौकशी झाली. साहेबांनी मला थांबायला सांगितलं, गावातला प्रतिष्ठित माणूस म्हणून. त्यांनी लॉरेन्सला विचारलं, घरात लग्न असताना दार बंद कसं लिहिलंस? कोणी सांगितलं होतं का?

लॉरेन्स म्हणाला, "कोनी नाय सांगितला. मी इसरलो, आनि मंग भ्यालो म्हनून लिवला."

मी काय केलं? मी साहेबांसाठी चहा मागवला.

चौकशी संपल्यावर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. मला वाटतं, मला त्याचे आभार मानायचे होते. मी नुसतं 'लॉरेन्स' म्हटलं. तो म्हणाला, "सर, माजी तीन पोरा तुमच्या शाळंत हायत." आणि सायकल घेऊन गेला. गेली बारा वर्षं मी मनात म्हणत होतो की लॉरेन्सने मोठ्या मनाने मला झाकलं. मोठं मन होतंच त्याचं. पण त्या दिवशी तो मला भीत होता. मी त्याच्या मुलांचं काय करीन, याची त्याला भीती होती. बेटीबाई, तुम्ही मान खाली घालू नका. ती माझी घालायची आहे.

त्याच्या सेवापुस्तकात शेरा पडला. बदली झाली, पार जव्हारच्या डोंगरात. सहा वर्षं तो तिकडे होता. बेटीबाईंनी मासळीची टोपली डोक्यावर घेऊन इथे घर चालवलं. ऐंशी साली तो परत आला, पण फर्डिनंडने त्याच्या हातून पत्र घेतलं नाही. अजून घेत नाही. लॉरेन्स त्याचं टपाल कुंपणाच्या भिंतीवर दगडाखाली ठेवून जातो. एके काळी हे दोघं एका ओट्यावर बसून तंबाखू मळायचे.

मग आज बोलायचं कसं सुचलं, असं तुम्ही विचाराल. स्वतःहून सुचलं असं सांगायला मला आवडलं असतं. या भाषणाची तयारी करायला बसलो आणि 'सेवेतली सचोटी' असा शब्द लिहिला. पुढे हात चालेना. म्हणून काल सातिवलीला गेलो. प्लासिड तिथे एका कारखान्यात सुपरवायझर आहे. जेवणाच्या सुट्टीत तो फाटकावर आला. मी त्याला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं.

तो म्हणाला, "मला ठाऊक होतं, सर."

मी विचारलं, कधीपासून?

"तुम्ही बाबांना तार वाचून दाखवलीत तेव्हापासून. तारेवर शनिवारचा शिक्का होता. ती बुधवारी कशी आली, हे तुम्ही विचारलं नाहीत. वर्गात साधा हजेरीचा आकडा चुकला तरी तुम्ही दहा प्रश्न विचारायचात."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "लॉरेन्सकाकांनीच नाकारलं होतं, मी काय सांगणार? आणि बाबांना तुमच्याशिवाय कोण होतं? जमिनीचे कागद, ताईच्या सासरची पत्रं, सगळं तुमच्याकडे. तुमच्यावरचा विश्वास गेला असता तर ते खचले असते."

मी त्याची क्षमा मागितली. त्याने ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. तो म्हणाला, "मला फाटकावर सांगून काय उपयोग, सर? माझं चाललंय. ज्यांचं नाव गेलं त्यांच्या लोकांसमोर सांगा." उद्या येशील का, असं विचारलं तर म्हणाला, नाही, मी आलो तर लोक माझ्याकडे बघत बसतील, उद्याचा दिवस लॉरेन्सकाकांचा आहे. आणि भोंगा झाला तसा आत गेला. एवढी समज त्याला मी शिकवलेली नाही.

माझा कॉन्रॅड दुसऱ्या रांगेत बसलाय. तो बँकेत आहे, सुखात आहे. त्यालाही हे आत्ताच कळतंय. कॉन्रॅड, तुझ्यासाठी केलं असं मी म्हणणार नाही. तू त्या दिवशी त्याच्याबरोबर हसत होतास. टाळ्या तू मनापासून वाजवल्या असत्यास, हे मला ओळखता आलं नाही.

आणि फर्डिनंड खांबाशी बसलाय. तो या समारंभाला येणार नव्हता. 'ये, माझं काम आहे' म्हणून मीच त्याला घेऊन आलो. अजूनही तो माझं ऐकतो. फर्डिनंड, तू ज्या माणसाशी बारा वर्षं बोलला नाहीस त्याने तुझं काही वाईट केलेलं नाही. मी केलं. आणि तुझ्या हातून अर्ज करवून तुलाही त्यात ओढलं.

केळुस्कर साहेब, हे पाकीट तुमच्यासाठी. यात माझा लेखी कबुलीजबाब आहे, सहीनिशी. निवृत्त होणाऱ्या माणसाचा जुना शेरा पुसता येतो की नाही, मला माहीत नाही. पुसता येत नसेल तर निदान हा कागद त्याच्या शेजारी लावा. माझ्यावर जी कारवाई बसत असेल ती करा. अध्यक्ष महाराज, शाल मी घालणार नाही. तो मान कोणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

लॉरेन्स, मी इतक्या लोकांसमोर तुझी क्षमा मागतो आहे. तू 'असू द्या सर' म्हणशील, मला माहीत आहे. म्हणू नकोस. निदान आज, सगळे बघतात म्हणून म्हणू नकोस.

थांबा जरा. फर्डिनंड उठलाय. त्याला वाट द्या. कोणी हात धरू नका, त्याला बाहेर जायचं असेल तर जाऊ द्या. त्याला मला काही म्हणायचं असेल तर म्हणू द्या, मी इथेच उभा आहे.

नाही, तो इकडेच येतोय. पायरी आहे, फर्डिनंड, जपून.

तो माझ्याकडे बघत नाहीये. बरोबर आहे. लॉरेन्सजवळची खुर्ची माझी होती, तिच्यावर तो बसला. बसू दे. कोणी उठवू नका त्याला. मला खाली सतरंजीवर जागा आहे.

आता आभार. समितीने मला बोलावलं, अध्यक्षांनी पंधरा मिनिटांची वीस होऊ दिली, तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, शब्द पुढेमागे झाला असेल, तर तेवढं मोठ्या मनाने सांभाळून घ्या. बाकीचं सांभाळून घ्या, असं मी म्हणणार नाही. आणि आज तरी कोणी टाळ्या वाजवू नका.